देवमाशावरची लाल फुली

प्रिय सुमे,

चार महिने झाले, तुझ्या तीन मेसेजना मी उत्तर दिलं नाही, रागावली असशील तर रागाव, हक्कच आहे तुझा. मी बरी आहे, गुडघा आहे तसाच आहे. आज लिहायला बसले कारण एक गोष्ट झालीये, घरी सांगितली तर "एवढंच ना!" म्हणतील, तू म्हणणार नाहीस.

चौथीला पृष्ठवंशीय, म्हणजे पाठीचा कणा असलेल्या, प्राण्यांचे गट शिकवत होते. मासे, उभयचर, सरपटणारे, पक्षी, सस्तन, वहीत पाच रकाने आखायचे आणि प्राणी वाटून लिहायचे. एका पोरानं देवमासा माशांच्या रकान्यात टाकला, मी लाल फुली मारली. हा पोरगा एरवी तोंडातून शब्द काढत नाही, तो वही घेऊन टेबलापाशी आला आणि म्हणाला, बाई, तो पाण्यात राहतो, त्याला पर आहेत, शेपूट आहे, नावातच मासा आहे, मग चुकलं कसं? तास संपत आलेला, पुढ्यात वह्यांचा ढीग, आणि सुमे, मी म्हणाले, "पुस्तकात तसं दिलंय, पाठ कर."

हो, तेच वाक्य! जिन्यात बसून आपण दोघींनी शपथ घेतलेली की काहीही झालं तरी हे वाक्य पोरांना ऐकवायचं नाही. आपल्याला ते कुणी ऐकवलं होतं आणि तू किती रडली होतीस ते तुला आठवत असेलच. तो "बरं बाई" म्हणून जागेवर गेला आणि त्यानंतर आठ दिवस त्याचा हात वर आला नाही. मला रात्री झोप लागेना गं.

वाईट याचं वाटतं की त्याचा प्रश्न चांगला होता. आपल्या भाषेतली नावंच अशी की पोरांनी फसू नये तर काय करावं? देवमासा मासा नाही, तारामासा मासा नाही, त्याला तर कणाच नाही, समुद्रघोडा मात्र चक्क मासा. आणि अंगभर खवले घेऊन फिरणारं खवल्या मांजर मांजरही नाही आणि सरपटणारंही नाही, ते पिल्लांना दूध पाजतं. मग आठवलं, सजीवांची वर्गवारी करणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७३५ साली प्राण्यांची वर्गवारी छापली तेव्हा त्यानेसुद्धा देवमासे माशांतच ठेवले होते! ते सस्तनांत हलवले १७५८ च्या आवृत्तीत. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाला तेवीस वर्षं लागली आणि मी नऊ वर्षांच्या पोराला तेवीस सेकंदही दिले नाहीत.

काल मी तो धडा परत घेतला, पुस्तक कपाटात ठेवून. आधी प्रत्येकाला शेजारच्याच्या पाठीवरून बोट फिरवायला लावलं, मानेपासून खाली, मणका मणका मोजत. वर्गात नुसत्या गुदगुल्या आणि खिदळणं, दहा मिनिटं कुणी ऐकेना. मग सांगितलं की मानेत आपल्याला सात मणके, उंदराला सात, जिराफालाही सातच, आणि देवमाशाला मान दिसत नाही पण मणके तिथेही सात. झाडावर उलटा लटकणारा स्लॉथ आणि पाण्यात राहणारी मॅनाटी सोडले तर सगळ्या सस्तनांचं हेच. एक पोरगी हळूच स्वतःची मान चाचपत म्हणाली, मग जिराफाचा एक मणका केवढा असेल!

नंतर दोन्ही हात जोडून मासा करून दाखवला, शेपूट डावी-उजवीकडे. मग हात आडवे धरून देवमासा, शेपूट वर-खाली. विचारलं, फरक काय दिसतो? कुणी बोलेना. आणि मग, सुमे, आठ दिवसांनी तो हात वर आला. म्हणाला, "बाई, कुत्रा जोरात पळतो ना तेव्हा त्याची पाठ अशीच वर-खाली होते. पाल पळते ती माशासारखी, वळवळत." मला पुढे बोलताच येईना. हे मी सांगितलं नव्हतं, त्यानं पालीकडे आणि कुत्र्याकडे नीट बघितलं होतं, बास. मी त्याची वही मागून घेतली, फुलीखाली "प्रश्न बरोबर होता" असं लिहिलं आणि लिनियसची गोष्ट सगळ्या वर्गाला सांगितली. तो खाली बघून हसला.

पण काळजी संपली नाही आणि इथे तुझं-माझं जुनं भांडण येतं. तू म्हणायचीस पाच खोकी शिकवूच नका, वंशाचं झाड शिकवा, म्हणजे कोण कुणाचा जवळचा नातेवाईक ते, मगरीचे आजचे सगळ्यात जवळचे नातेवाईक पक्षी आहेत, पाली नाहीत, आणि फुप्फुसमासा बाकीच्या माशांपेक्षा आपल्याला जवळचा. मी म्हणायचे लहान पोरांना आधी कप्पे लागतात. आठवडाभर बोलणं बंद होतं आपलं, कुंदा मधे चिठ्ठ्या पोचवायची! मला अजूनही वाटतं कप्पे हवेत. अंगावर काय आहे, श्वास कशानं घेतो, अंडी कुठे घालतो, हे बघायला त्यांचाच उपयोग होतो. बेडूक आधी कल्ल्यांनी श्वास घेतो, मग फुप्फुसांनी आणि कातडीनंही, हे कळायला उभयचर हा शब्द लागतोच. पण वहीतले पाचही रकाने सारख्याच रुंदीचे आखून दिले होते मी, आणि खरं तर निम्म्याहून जास्त पृष्ठवंशीय मासेच आहेत, त्यांच्या ३५,००० च्या आसपास जाती आणि सस्तनांच्या ६,५०० वगैरे. शिवाय प्लॅटिपस सस्तन असूनही अंडी घालतो आणि दूधही पाजतो, तेही कातडीतून पाझरलेलं, पिल्लं चाटून पितात. उद्या हा पोरगा मोठा होऊन झाड वाचेल तेव्हा बाईंनी खोटं शिकवलं असं म्हणेल का? तेवढं सांग मला, अगदी भांडून सांग.

तुझ्या बदलीचं काय झालं? छोटीला दात आले का? आईंचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना, मी फोन करायला हवा होता, चुकलंच माझं.

आणि एक कर. तास संपता संपता त्या पोरानं विचारलं, "बाई, कासवाचा कणा कुठे असतो?" मी म्हणाले कवचालाच आतून जोडलेला असतो, बरगड्या पसरूनच ते कवच झालेलं असतं, कासव त्यातून बाहेर येऊच शकत नाही. त्याला ते पटेना. तू जर्नलमध्ये कासव आतून काढलं होतंस ना, मणक्यांची रांग कवचाला चिकटलेली, ज्याच्यावरून मी जळले होते, ते अजून असेल तर फोटो पाठव. सोमवारी पहिला तास माझाच आहे.

तुझी,
मंदा