रुमी मस्तकी आणि पुरंदरचे अंजीर

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील ग्रीसच्या खिओस बेटावरच्या लेखात पिर्गी गावातल्या नक्षीदार भिंतींची छायाचित्रे फार सुरेख आली आहेत. काळसर वाळूच्या गिलाव्यावर चुन्याचा हात द्यायचा आणि तो ओला असतानाच काट्याने खरवडायचा, अशी ती नक्षी. पण हे गाव ज्याच्या जिवावर उभे राहिले, ती मस्तकी लेखात एका ओळीत आटोपली आहे. आपल्या पेठांतल्या काष्ठौषधींच्या दुकानांत ‘रुमी मस्तकी’ म्हणून मिळते ती हीच.

मस्तकी म्हणजे पिस्त्याच्या जातकुळीतल्या, दोन-तीन मीटर उंचीच्या झाडाचा वाळलेला चीक. ही जात भूमध्य समुद्राच्या काठाने सगळीकडे आढळते, पण विकण्याजोगा चीक मिळतो तो खिओसच्या दक्षिणेकडील २४ गावांत. त्याच बेटाच्या उत्तरेलाही तो मिळत नाही.

जूनमध्ये झाडाखालची जमीन साफ करून चोपून सपाट करतात आणि तिच्यावर चाळलेली पांढरी चुनखडीची माती पसरतात. थेंब या मातीवर पडले की स्वच्छ राहतात आणि लवकर वाळतात. जुलैपासून साल टोचायला घेतात, बुंध्यापासून वर फांद्यांकडे. चीर १० ते १५ मिलिमीटर लांब आणि जेमतेम ४-५ मिलिमीटर खोल. या कामाला तिथे ‘केंतिमा’ म्हणजे भरतकाम म्हणतात, आणि हात तितकाच हलका लागतो. चीर खोल गेली तर झाड खंगते, उथळ राहिली तर चीक येत नाही. शिवाय सगळ्या चिरा एका दिवशी पाडत नाहीत. आठवड्यातून एकदा-दोनदा, थोड्या थोड्या, असे पाच-सहा आठवडे चालते. थेंब घट्ट व्हायला १५ ते २० दिवस जातात. मग वेचणी, पुन्हा टोचणी, पुन्हा वेचणी. याच दिवसांत अवकाळी पाऊस आला तर माल खराब होतो. हिवाळ्यात चाळून, धुऊन झाल्यावर घरोघरी बायका बारीक सुरीच्या टोकाने एकेक खडा साफ करत बसतात. एवढे करून एका झाडाचे वर्षाचे उत्पन्न सरासरी १५० ते १८० ग्रॅम! नवे रोप पाचव्या वर्षी चीक देऊ लागते आणि भरात यायला १२ ते १५ वर्षे लागतात. २०१२च्या ऑगस्टमधल्या वणव्यात यातली कितीतरी झाडे जळाली, तेव्हा ते नुकसान एका हंगामाचे नव्हते.

म्हणून दुकानात तयार पूड घेऊ नये, खडेच मागावेत. खडा चावला की आधी भुगा होतो आणि लगेच त्याची पांढरी, चिवट गोळी बनते. भुगा भुगाच राहिला, तर ती चंद्रसासारखी दुसरी राळ आहे. घरी कुटताना खडे आधी फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि चमचाभर साखरेबरोबर खलावेत. मिक्सरच्या उष्णतेने ती भांड्याला चिकटून बसते.

गावांची रचनाही या चिकानेच ठरवली. १३४६ ते १५६६ या काळात बेट इटलीतल्या जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांकडे होते. चाच्यांपासून हा माल आणि तो काढणारी माणसे सुरक्षित ठेवायला त्यांनी मेस्ता, ओलिंबी, पिर्गी ही गावे किल्ल्यासारखी बांधली. कडेच्या घरांच्या पाठभिंती हाच तट, मधोमध बुरूज, अरुंद बोळ, आणि संकट आले तर गच्चीवरून गच्चीवर पळता येईल अशी छपरे.

आज ती गावे नांदती आहेत, याचे श्रेय मी सहकाराला देईन. १९३८ साली मस्तकी उत्पादकांचा संघ स्थापन झाला. शेतकऱ्याने माल जमा करायचा. प्रतवारी, साठवण आणि विक्री संघाने पाहायची. युरोपीय संघाचे उत्पत्तिस्थानाचे संरक्षण १९९७ साली मिळाले आणि युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत हे कौशल्य २०१४ साली गेले. म्हणजे आधी उत्पादकांचा संघ, मग शिक्का.

आपल्याकडे क्रम उलटा झाला. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण सासवड रस्त्यावर टोपलीतले अंजीर खरोखर पुरंदरचे आहे का, वर्षातल्या दोन हंगामांपैकी खट्टा बहाराचे की मीठा बहाराचे, हे ओळखायला पुण्यातल्या गिऱ्हाइकाकडे साधन नाही. अंजीर तर दोन दिवसही धड टिकत नाही, त्यामुळे एकट्या शेतकऱ्याला भावासाठी थांबताही येत नाही. सहकारी साखर कारखाने उभारलेल्या या जिल्ह्याला अंजिराचे गावनिहाय संकलन, प्रतवारी आणि गावाचे नाव छापलेली पेटी हे जड जाऊ नये. येत्या मीठा बहाराआधी दोन-चार गावांत तरी ते सुरू व्हावे.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे