डीएमच्या विद्यार्थ्यांना शिकवू लागलेल्या मुलीस

चि. मृण्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

नेफ्रॉलॉजीच्या, म्हणजे मूत्रपिंडविकारांच्या, डीएम या उच्च पदवीसाठी शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांना डायलिसिस कॅथेटर (डायलिसिससाठी मोठ्या शिरेत घालायची नळी) आणि किडनी बायोप्सी (तपासणीसाठी सुईने किडनीचा लहानसा तुकडा काढणे) शिकवण्याची जबाबदारी तुझ्याकडे आली, याचा मला फार आनंद झाला.

लॉगबुकातला, केलेल्या प्रक्रियांचा आकडा भरला की हात तयार झाला, असे आपल्याकडे सर्रास धरले जाते. तू तसे धरू नकोस. पहिली सुई रुग्णाच्या मानेत जाता कामा नये. ती मॉडेलवर जावी, आणि सोनोग्राफीत सुईचे टोक सतत नजरेसमोर ठेवता येईपर्यंत विद्यार्थ्याला तिथेच सराव करू द्यावा. सुईचा मधला भाग दिसत असताना टोक शिरेशेजारच्या कॅरोटिड धमनीत शिरलेले असू शकते. सेल्डिंगर यांनी 1953 मध्ये मांडलेली, तारेवरून नळी सरकवण्याची पद्धत पाहायला सोपी वाटते. तरी तार शिरेतच आहे हे सोनोग्राफीवर पाहिल्याशिवाय डायलेटर, म्हणजे वाट रुंद करणारी नळी, चढवू देऊ नकोस, आणि तारेचे बाहेरचे टोक कोणाच्या तरी हातात आहे ना, याकडे तुझे लक्ष असू दे. मानेतली उजवी जुग्युलर शीर सरळ हृदयाकडे उतरते म्हणून तिला पहिली पसंती, आणि गळ्याच्या हाडाखालची सबक्लेव्हियन शीर शक्यतो टाळायची, कारण ती पुढे अरुंद झाली तर त्या हाताचा फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) निकामी होऊ शकतो, हे कारणासकट समजावून सांग.

बायोप्सीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते रुग्णाशी बोलणे. पालथ्या झोपलेल्या माणसाला काहीच दिसत नसते. बायोप्सीची सुई झटक्यात सोडणाऱ्या गनचा ‘खट्ट’ आवाज त्याला आधीच ऐकवावा, म्हणजे ऐन वेळी तो दचकत नाही. श्वास रोखण्याचा सरावही सुई टोचण्यापूर्वी त्याच्याकडून करून घ्यावा, कारण श्वासागणिक किडनी वरखाली सरकते आणि नेम धरलेले खालचे टोक जागचे हलते. विद्यार्थ्याचा हात अडखळला तर रुग्णासमोर त्याला रागावू नकोस. शांतपणे सोनोग्राफीचा प्रोब आपल्या हाती घे आणि चर्चा बाहेर आल्यावर कर.

ज्याने बायोप्सी केली त्यानेच दुसऱ्या दिवसापर्यंत रुग्णाची नाडी, रक्तदाब पाहावा आणि प्रत्येक वेळची लघवी परीक्षानळीत घेऊन उजेडात रंग ताडून पाहावा. हे काम नर्सवर सोपवून निघून जाणाऱ्याला रक्तस्राव कसा सुरू होतो हे कधी कळत नाही.

विद्यार्थ्यांसाठी तपासयादी करशील तेव्हा तिचा कच्चा मसुदा मला पाठव. मी सवडीने वाचून सूचना लिहीन.

तुझी,
आई