प्लेट कोरी निघाली तर

प्रिय मेधा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुझा जीन प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे बॅक्टेरियातल्या छोट्या गोल डीएनएमध्ये, जोडायचं लायगेशन तीनदा करूनही प्लेट कोरीच, बॅक्टेरियाची एकही कॉलनी (एका सेलपासून वाढलेला ठिपका) नाही, हे वाचून वाईट वाटलं. पण चौथ्यांदा तेच तसंच करू नकोस. कोरी प्लेट एकटी काहीच सांगत नाही. ज्यांत डीएनए घालायचा त्या ई. कोलाय बॅक्टेरियाच्या सेल्स मेल्या असतील, डीएनए जोडणारं एन्झाइम लायगेज चाललं नसेल, डीएनए खराब असेल, नाहीतर प्लेटमधलं अँटिबायोटिक, कॅनामायसिन, दुप्पट पडलं असेल. नेमकं काय झालं ते कळायचं तर त्याच दिवशी, त्याच सेल्समध्ये चार कंट्रोल, म्हणजे तुलनेच्या ट्यूब, लाव. महागड्या सेल्स वाया जातील असं तुला वाटेल, पण माझ्या मते लॅबमध्ये याहून मोठी बचत नाही.

पहिल्या ट्यूबमध्ये न कापलेलं अख्खं प्लाझ्मिड घाल, फक्त १०० पिकोग्रॅम. एक मिलिलिटरपैकी १०० मायक्रोलिटर पसरवलंस आणि १०० कॉलन्या आल्या, तर मायक्रोग्रॅममागे एक कोटी कॉलन्या, म्हणजे सेल्स ठीक आहेत. आकडा दहा लाखांच्या खाली गेला तर लायगेशनला दोष देऊ नकोस, आधी सेल्स बदल. दुसऱ्या ट्यूबमध्ये कापलेला व्हेक्टर, म्हणजे जीन वाहून नेणारं तेच प्लाझ्मिड, लायगेज न घालता. इथल्या कॉलन्या म्हणजे न कापता राहिलेलं प्लाझ्मिड. तिसरीत तोच व्हेक्टर लायगेजसह, पण इन्सर्ट, म्हणजे तुझा जीन, नाही. दुसरीपेक्षा इथे बऱ्याच जास्त कॉलन्या आल्या, तर व्हेक्टर कापणाऱ्या दोनपैकी एका एन्झाइमने नीट कापलेलं नाही आणि व्हेक्टर स्वतःलाच जोडला जातोय. चौथीत डीएनएच नाही. तिथे काही उगवलं तर अँटिबायोटिक काम करत नाही. याच चौथ्या ट्यूबमधला एक थेंब साध्या, बिनअँटिबायोटिकच्या प्लेटवरही पसरव. तिथे दाट थर यायलाच हवा.

तुझ्या वर्णनावरून माझा पहिला संशय जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे आकाराप्रमाणे वेगळे करतो त्या पायरीवर, आहे. बँड कापताना यूव्हीखाली किती वेळ जातो ते घड्याळ लावून बघ. ३०२ नॅनोमीटरच्या दिव्याखाली एक-दोन मिनिटं गेली, तरी डीएनएमधले शेजारशेजारचे थायमिन बेस एकमेकांना चिकटतात. बँड तसाच झळकतो, डीएनए मोजणाऱ्या नॅनोड्रॉपवर आकडाही चांगला येतो, पण त्या डीएनएपासून कॉलनी मिळणं अवघड. ३६५चा दिवा वापर, ब्लेड आणि ट्यूब आधीच तयार ठेव आणि वीस-तीस सेकंदांत उरक. निळ्या प्रकाशाचा ट्रान्सइल्युमिनेटर आणि त्याला चालणारा रंग मिळाला तर फारच उत्तम. जेलमधून डीएनए शुद्ध करायचा कॉलम धुतल्यावर एक मिनिट कोरडाच फिरव. मागे राहिलेलं इथेनॉल पुढे लायगेजला नडतं.

दुसरा संशय लायगेज बफरवर. त्यात लायगेजला ऊर्जा पुरवणारं एटीपी असतं आणि गोठवणं-वितळवणं वारंवार झालं की ते नासतं. नवीन व्हायल आली की लगेच १० मायक्रोलिटरचे वाटे करून ठेव. वितळल्यावर तळाशी पांढरं काही दिसलं तर घाबरू नकोस. ते बफरमधलंच डीटीटी नावाचं रसायन आहे, हाताच्या उबेत हलवून विरघळव.

प्रमाण मोलमध्ये, म्हणजे रेणूंच्या संख्येत धर, नॅनोग्रॅममध्ये नव्हे. तुझा व्हेक्टर पीईटी-२८ए सुमारे ५,४०० बेसचा, जीन ९०० बेसचा. व्हेक्टर ५० नॅनोग्रॅम आणि एकास तीन प्रमाण धरलं, तर इन्सर्ट ५० × ९०० ÷ ५,४०० × ३, म्हणजे २५ नॅनोग्रॅम. तू १५० घातलंस. ते एकास अठरा झालं. आणखी एक, प्रायमरच्या (पीसीआरने जीनच्या प्रती काढताना लागणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्याच्या) टोकाला, एन्डीई-वन हे एन्झाइम कापतं त्या जागेबाहेर, किमान सहा बेस ठेव. हे एन्झाइम टोकाला फार वाईट कापतं.

आता ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे सेल्समध्ये डीएनए घालणं. उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधून काढलेली सेल्सची ट्यूब तळाशी चिमटीत धरू नकोस. झाकणाच्या कडेला धर आणि थेट बर्फात रोव. तळाचा पांढरा गोळा कडेने विरघळत जातो. मधे खसखशीएवढा बर्फ उरला की डीएनए घाल, ५० मायक्रोलिटर सेल्सना ५ मायक्रोलिटरपेक्षा जास्त नाही. पिपेटने वरखाली करायचं नाही, हलकी टिचकी मारायची. बर्फात ३० मिनिटं, ४२ अंशांवर ४५ सेकंद, लगेच पुन्हा बर्फात २ मिनिटं. ४२ हा आकडा पाण्याचा हवा, डिस्प्लेचा नव्हे. थर्मामीटर बुडवून बघच. मग ९५० मायक्रोलिटर एसओसी हा पोषक द्रव घालून ३७ अंशांवर पूर्ण एक तास शेकरवर. अॅम्पिसिलिन असतं तर हा तास कमी केला तरी निभावतं. कॅनामायसिन प्रोटीन बनवण्याचंच काम बंद पाडतं, म्हणून प्रतिकाराचं एन्झाइम सेलमध्ये आधीच तयार असावं लागतं. हा तास वाचवलास तर प्लेट कोरीच राहणार.

कॉलन्या आल्या की त्यांत जीन आहे का ते बघायच्या कॉलनी पीसीआरला दोन्ही प्रायमर इन्सर्टचे घेऊ नकोस. प्लेटवर सांडलेलं इन्सर्टही बँड देतं आणि फसायला होतं. एक व्हेक्टरचा टी७ प्रायमर, एक इन्सर्टचा रिव्हर्स. आणि सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएचा क्रम वाचणं, केल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

प्रोटीनसाठी प्लाझ्मिड डीएच५-अल्फा या ई. कोलायच्या वाणामधून काढून बीएल२१ (डीई३) या दुसऱ्या वाणामध्ये घाल, कारण तुझा जीन वाचणारं टी७ पॉलिमरेज तिथेच आहे. ओडी, म्हणजे सेल्सच्या वाढीने आलेला गढूळपणा, ०.६ झाली की जीन चालू करणारं रसायन आयपीटीजी घाल. ३७ अंशांवर १ मिलिमोलरने तीन तासांत जाडजूड बँड येतो, पण बरेचदा तो सगळा गाळात, इन्क्लुजन बॉडीत जातो. म्हणून एक फ्लास्क १८ अंशांवर, ०.२ मिलिमोलरने रात्रभर ठेव. जेलवर अख्खी सेल, वरचं पाणी आणि गाळ, तिन्ही शेजारी लाव. प्रोटीन शुद्ध करायला निकेल कॉलम वापरताना बफरमध्ये धातू पकडणारं ईडीटीए नको, ते निकेलच ओढून नेतं.

हे सगळं औषधांपासून लांबचं वाटतं, पण तसं नाही. १९७८ साली इन्सुलिनच्या ए आणि बी साखळ्या ई. कोलायमध्ये वेगवेगळ्या, बीटा-गॅलॅक्टोसिडेजला जोडून बनवल्या. मग सायनोजेन ब्रोमाइडने मेथिओनिनपाशी तोडून त्या सुट्या केल्या. इन्सुलिनच्या ५१ अमिनो आम्लांत मेथिओनिन एकही नाही, म्हणून ही युक्ती जमली! ई. कोलायच्या आत डायसल्फाइड बंध, म्हणजे दोन सिस्टिन अमिनो आम्लांना जोडणारे सल्फरचे बंध, सहसा बनत नाहीत, त्यामुळे इन्सुलिनचे तिन्ही बंध बाहेर, ट्यूबमध्ये जुळवावे लागले. १९८२ साली ते औषध म्हणून मंजूर झालं. हेपॅटायटिस बीच्या लसीचं प्रोटीन मात्र यीस्टमध्ये बनवतात, कारण तिथे त्याचे कण नीट जुळतात. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली आणलेली लस पिचिया यीस्टमधलीच. तुझ्या जीनमध्ये सिस्टिन किती आहेत ते आताच मोज. चार-सहा निघाल्या तर होस्ट, म्हणजे प्रोटीन बनवणारा जीव, कोणता घ्यायचा याचा विचार आधी कर, नंतर नव्हे.

चारही कंट्रोल प्लेटचे फोटो, कॉलन्यांचे आकडे आणि प्रायमरचे क्रम पाठव. जेलचा फोटो काढताना लॅडर, म्हणजे आकार मोजायची पट्टी, कापला जाऊ देऊ नकोस.

तुझी,
अनघा