पित्ताची गोळी: कधीपर्यंत, तेही चिठ्ठीवर लिहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

चिठ्ठी प्रतिजैविकाची असो की गुडघेदुखीची, शेवटच्या ओळीत बहुतेक वेळा पित्ताची एक गोळी असतेच. बाकीची औषधे पाच-सात दिवसांत संपतात. ही मात्र रिकामी पट्टी दुकानात दाखवून वर्षानुवर्षे आणली जाते. औषध वाईट नाही. आम्लाने सोललेली अन्ननलिका ते चांगली भरून आणते. प्रश्न आहे तो घेण्याच्या आणि थांबवण्याच्या पद्धतीचा.

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल ही सारी एकाच कुळातली. जठरात आम्ल सोडणारे ‘पंप’ जेवणाच्या वेळी कामाला लागतात आणि ही औषधे चालू पंपांनाच बंद पाडतात. रक्तातले औषध एक-दोन तासांत निम्म्यावर येते, म्हणून वेळ चुकली की गोळीचा बराचसा गुण वाया जातो. न्याहारीच्या 30 ते 60 मिनिटे आधी, पाण्याबरोबर, चहाच्याही अगोदर ती घ्यावी. रात्री जेवणानंतर छातीत जळजळले म्हणून घेतलेली गोळी त्या क्षणी काही करत नाही, कारण पूर्ण परिणामाला दोन-चार दिवस लागतात. तेवढ्यापुरते पातळ अँटासिड बरे. गोळी चावू नये, कुटू नये. आतड्यापर्यंत औषध सुखरूप नेणारे तिच्यावरचे आवरण फुटते.

थायरॉइडची गोळीही सकाळी अनशापोटीच असते. पित्ताच्या औषधाने आम्ल कमी झाले की थायरॉक्सिन कमी शोषले जाऊ शकते, म्हणून दोन्ही सुरू असतील तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घ्यावे. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळावे. डॉक्टर दुसरे देऊ शकतात.

नेहमीच्या अन्ननलिकेच्या दाहाला साधारण आठ आठवडे पुरतात. वर्षानुवर्षे घेतल्यास काहींचे बी-12 जीवनसत्त्व घटते, कारण अन्नातले बी-12 सुटे व्हायला आम्लच लागते. शाकाहारी माणूस, त्यात मधुमेहाचे मेटफॉर्मिन आणि त्यावर ही गोळी, म्हणजे बी-12 वर तिहेरी ताण. पायाला मुंग्या येत असतील तर ‘वय झाले’ म्हणून सोडू नका, रक्त तपासा. मॅग्नेशियम कमी होऊन पेटके आणि धडधड, हाड मोडण्याचा किंचित वाढलेला धोका, क्वचित मूत्रपिंडाचा दाह, हेही नोंदवलेले आहे. सगळ्यांना होतेच असे नाही, पण गरज नसताना हा धोका का पत्करायचा?

गोळी एकदम बंद केली की आम्ल काही आठवडे पूर्वीपेक्षाही जास्त सुटते. डेन्मार्कमध्ये 2009 साली पित्ताचा त्रास नसलेल्या निरोगी लोकांना आठ आठवडे हे औषध दिले. बंद केल्यावर त्यातल्या 44 टक्के लोकांना जळजळ किंवा अपचन जाणवले. तुलनेसाठी औषध नसलेली नकली गोळी दिलेल्यांत हे प्रमाण 15 टक्के होते. रुग्णाला वाटते, आजार उलटला, आणि गोळी पुन्हा सुरू होते. म्हणून डॉक्टरांना विचारून आधी 40 मिलिग्रॅमचे 20 करावे, मग एक दिवसाआड, आणि मधल्या जळजळीला अँटासिड. मात्र ॲस्पिरिन किंवा वेदनाशामकाने पूर्वी जठरात रक्तस्राव झालेल्यांनी ती स्वतःहून मुळीच थांबवू नये.

पट्टी एकदा उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचा. ‘पॅन्टोप्राझोल 40’ च्या खाली ‘डोमपेरिडोन 30’ दिसले तर ती नुसती पित्ताची गोळी नाही. डोमपेरिडोन मळमळीवरचे औषध आहे आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. युरोपच्या औषध नियामकाने 2014 मध्येच ते सहसा एका आठवड्याहून जास्त देऊ नये असे सांगितले. आपल्याकडे ही जोडगोळी ‘गॅसची गोळी’ म्हणून महिनोन्‌महिने घेतली जाते, याची खरोखर काळजी वाटते.

घास अडकणे, काळी शौच, रक्ताची उलटी, कारणाशिवाय वजन घटणे यांवर गोळी वाढवत बसू नये. छातीतले दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे सरकत असेल, घाम फुटत असेल तर ते पित्त समजून वेळ घालवू नका, थेट रुग्णालय गाठा.

डॉक्टरांना विनंती, गोळीसमोर तिची शेवटची तारीखही लिहा. औषध दुकानदारांनी जुन्या पट्टीवरून नवी देण्याआधी चिठ्ठी मागावी. आणि दुष्परिणाम जाणवल्यास रुग्णांना तो स्वतः 1800-180-3024 या राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या मोफत क्रमांकावर कळवता येतो.

आपला,
एक औषधनिर्माता