परराष्ट्रमंत्र्यांना उद्यमनगरातून खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, यांना सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. शिरोलीच्या फाउंड्रीतून कास्टिंग येतं, मी टर्निंग-ड्रिलिंग करून देतो. त्यातला काही माल अमेरिकेला जातो. २७ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या बऱ्याचशा मालावर ५० टक्के शुल्क लागलं. त्यातलं निम्मं आपण रशियाचं तेल घेतो म्हणून. चीन आपल्यापेक्षा जास्त घेत होता, त्याला हा दंड नव्हता. पुढं दराचं काही का होईना, माझी दोन मशिनं तेव्हा कापड टाकून ठेवली होती.

नवल नाही म्हणा. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी गहू असाच हात आखडून सोडला होता, आणि आपलं व्हिएतनामवरचं बोलणं त्यांना खपत नव्हतं. इराणी माणूस अजून १९५३ काढतो, चिलीचा १९७३; त्या साली तिथली सरकारं उलथली, त्यात अमेरिकेचा हात होता म्हणतात. (आमच्या चहाच्या टपरीवर अमेरिकेला सर्वांत जास्त शिव्या घालणाऱ्याचा पोरगा टेक्सासला आहे, हेही सांगतो.) कोल्हापुरात हे समजवावं लागत नाही. गादी आमची होती, शब्द इंग्रजांच्या पोलिटिकल एजंटाचा. चौथे शिवाजी महाराज वेडे ठरवले गेले आणि १८८३ साली अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या कैदेतच वारले.

पण लिहायला बसलो ते गल्लीतल्या नेपाळी गुरख्यामुळं. रात्री चहा पाजताना मी टॅरिफचं रडगाणं लावलं. तो शांतपणे म्हणाला, "साब, २०१५ ला तुम्ही आमचं पेट्रोल-गॅस बंद केलं, तेव्हा आईनं दसऱ्याचं जेवण लाकडावर केलं."

त्या वर्षी नेपाळात एप्रिलमध्ये भूकंप, सप्टेंबरात नवी राज्यघटना, आणि लगेच सीमेवर टँकर थांबले ते काही महिने. दिल्लीनं सांगितलं, नाकाबंदी आमची नाही, नेपाळच्या तराईतल्या मधेशी लोकांच्या आंदोलनामुळं वाहतूक अडली. माझं अडलं ते त्याच्या "तुम्ही"पाशी. मी काय केलं होतं? पण मीही "अमेरिकेनं माझं काम बंद पाडलं" म्हणतो, तेव्हा तिथल्या कुठल्या लेथवाल्याला वगळतो?

साहेब, तुम्ही काठमांडूला जाता तेव्हा त्या महिन्यांचा विषय कुणी काढतं का? काढला तर काय सांगता? मी मधेशींचं सांगून बघितलं. त्यानं ग्लास खाली ठेवला आणि शिट्टी वाजवत पुढच्या गल्लीत गेला.

आपला,
उद्यमनगरातला एक लेथवाला