परसातल्या फणसाबद्दल

ती. आई-बाबांस सा. न.

पडलेल्या फणसाचा सौदा मी मोडला. फांद्या न्या, बुंधा राहील, असं व्यापाऱ्याला कळवलंय. बाबा, तुम्हाला आधी विचारलं नाही, वाईट वाटू देऊ नका. पैशांची काळजीही नको. पंपाचं मी बघते, न्हाणीतला गिझर याच महिन्यात बसेल.

बुंध्यात पाठ टेकून बसता येईल असे दोन कोनाडे कोरायचेत, एक घराकडे तोंड करून, एक विहिरीकडे. वेल्समध्ये डेव्हिड नॅश या शिल्पकाराने १९७८ साली ओकचा मोठा गोळा कोरला. नेताना तो ओढ्यात अडकला, तर त्याने तिथेच सोडला. पुराबरोबर सरकत २००२ मध्ये तो खाडीला लागला. लाकूड जागेवर सोडलं की पुढचं काम पाऊस, माती आणि माणसं करतात. आपल्याकडे ते तुम्ही दोघं बसून करायचं.

लाकूड सुकू दे म्हणाल, पण इंचभर फळीलाच वर्ष लागतं, दोन फुटी बुंध्याचं काय! ओलं असताना पटाशीही सहज चालते. लाकूड वलयांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेने. म्हणून बाहेरून गाभ्यापर्यंत तडे जातात. मागच्या बाजूने गाभ्यापर्यंत करवतीचा एक काप आधीच दिला की बहुतेक ताण तिथेच मोकळा होतो. आई, तो काप रुंदावत जाईल, घाबरू नकोस.

आता ऐका. दोन्ही टोकांना मेण वितळवून लावून घ्या, पाणी तिथूनच सगळ्यात लवकर उडतं. मेण मिळेपर्यंत शेण लिंपा. प्लास्टिक अजिबात नको, बुरशी धरते. खाली चिरे हवेत, नाहीतर बाहेरच्या पांढुरक्या भागाला वाळवी लागेल. पिवळा गाभा टिकतो. पण बाबा, बुंध्याला तुम्ही हात लावायचा नाही, गडी बोलवा. आणि आई, चीक लागलाच तर खोबरेल चोळ, माझे हात चोळायचीस तसं.

दोघांचंही गुडघ्यामागून जमिनीपर्यंतचं माप चपला घालून घ्या आणि कळवा. बैठक त्याहून इंचभर उंच ठेवते, म्हणजे उठताना गुडघ्यांवर जोर येणार नाही.

तुमची,
धाकटी