वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंस

लश्कर, ग्वाल्हेर

सौ. सूनबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या घरमालकीणबाईंच्या सूनबाई. पण दौलतगंजातल्या आपल्या वाड्यात एकीची सून ती सगळ्यांचीच सून, म्हणून हाच मायना घातला आहे. आभार जिन्यात उभ्याउभ्या मानता येतात आणि ते मी मानलेही आहेत. तरीही हे पत्र चारचौघांना वाचता येईल असे लिहिते आहे, कारण आमच्या मंडळातल्या निदान तिघांकडे चार्ज होणारे बिनवायरचे माउस कपाटात पडून आहेत आणि ‘बॅटरी गेली’ एवढे म्हणून त्यांनी तो विषय मिटवला आहे. तुम्ही त्या दिवशी खाली आला नसतात, तर माझाही माउस त्याच कपाटात गेला असता.

हा माउस मुलाने दिवाळीत पाठवला. त्याआधीच्या माउसची वायर टेबलाच्या खणात अडकायची आणि वर्गणीची यादी भरताना हाताला सारखा हिसका बसायचा, त्यामुळे पहिले दोन महिने मला स्वर्ग दोन बोटे उरला होता. मग माउस रुसू लागला. रात्रभर फोनच्या चार्जरला लावून ठेवावा, तर सकाळी तो निर्जीव. कधी तासाभरातच भरतो आणि पुढे तीन आठवडे बिनतक्रार चालतो. महाराज बाड्याच्या चौकाजवळच्या एका दुकानात तो घेऊन गेले, तेव्हा दुकानदाराने तो हातात घेऊन उलटासुद्धा केला नाही. “आंटीजी, इसमें अब दम नहीं है, दूसरा ले लीजिए,” असे म्हणून त्याने काचेच्या कपाटातला नवीन माउस माझ्यापुढे ठेवला. त्या दिवशी पर्समध्ये पुरेसे पैसे नव्हते, एवढ्याच कारणाने मी परत आले, हे कबूल करते.

तुम्ही मात्र आल्या आल्या माउसला हातच लावला नाहीत. “काकू, कधी भरला आणि कधी नाही, याची काही नोंद आहे का?” असे विचारलेत. महालेखाकार कार्यालयात अठ्ठावीस वर्षे लोकांच्या वह्या तपासण्यात गेलेल्या बाईला हा प्रश्न विचारणे म्हणजे भुकेल्याला ताट वाढणे. नोंद होतीच. तारीख, वेळ, कुठे लावला, किती वेळ लावला आणि काय झाले, असे पाच रकाने मी स्वतः आखले होते. तुम्ही तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवून सावकाश खाली नेत गेलात. जिथे ‘कॉम्प्युटर’ लिहिले होते, तिथे शेवटच्या रकान्यात प्रत्येक वेळी ‘भरला’ होते आणि जिथे ‘फोनचा चार्जर’ लिहिले होते, तिथे प्रत्येक वेळी ‘नाही’. अकरा नोंदींत एकही अपवाद नव्हता. दुसऱ्यांच्या वह्यांतली चूक मला दुरून दिसायची. स्वतःच्या वहीत मात्र मी नोंदी करत राहिले, त्या वाचल्या कधी नाहीत. तुम्ही हसला नाहीत, याचे वेगळे आभार.

त्यानंतर तुम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलात. त्याच चार्जरला त्याच वायरने तुमचा फोन लावलात, तर तो चार्ज होऊ लागला. म्हणजे चार्जर निर्दोष आणि वायरही निर्दोष. मग माउसच्या डब्यातली मूळ वायर मागितलीत. तिचे एक तोंड चपटे, आयताकृती, आणि दुसरे टाइप-सी, गोलसर कडांचे. माझ्या नव्या चार्जरच्या वायरची दोन्ही तोंडे टाइप-सीची. खणातून जुन्या फोनचा चपट्या खाचेचा चार्जर निघाला, त्याला मूळ वायर जोडली आणि माउसच्या पाठीवरचा लाल दिवा लागला. तो दिवा पाहून मला झालेला आनंद माझ्या वयाला शोभणारा नव्हता.

कारण तुम्ही समजावून सांगितलेत, ते मला समजले तसे इथे मांडते. चपट्या खाचेच्या चार्जरमध्ये पाच व्होल्टचा पुरवठा कायम हजर असतो. काहीही जोडा, तो मिळतो. कॉम्प्युटरची खाचही चपटीच, म्हणून तिथे माउस भरायचा. दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेल्या जोडणीत मात्र चार्जर आधी समोरच्याची ओळख मागतो आणि ती पटल्याशिवाय वीज सोडतच नाही. ही ओळख म्हणजे उपकरणाच्या आत बसवायचे ५.१ किलोओहमचे दोन बारीकसे रोधक असतात आणि कित्येक स्वस्त वस्तूंमध्ये ते बसवलेलेच नसतात. तेव्हा माझा माउस दारात उभा राहिला तरी नाव सांगत नव्हता आणि चार्जर दार उघडत नव्हता. बॅटरीचा यात काही संबंध नव्हता. आता मूळ वायरला मी लाल लोकरीचा धागा बांधून ठेवला आहे, म्हणजे अंधारातही चुकीची वायर हाती येणार नाही.

दुसरी तक्रार मी तुम्हाला सांगितलीही नव्हती, ती तुम्ही स्वतः पाहिलीत. बाण मधूनच अडखळायचा आणि एकदम उडी मारून पुढे जायचा. मी ते माझ्या हाताच्या कंपावर ढकलून मोकळी झाले होते. तुम्ही फरशीवर बसून, मोबाइलचा उजेड पाडून कॅबिनेटच्या मागे डोकावलात आणि धुळीतून माउसचा नखाएवढा रिसीव्हर उपसून ओढणीने पुसलात. तो निळ्या यूएसबी खाचेत होता आणि त्याला खेटूनच हिशेबांची प्रत ठेवायची हार्ड डिस्क लावलेली होती. यूएसबी ३.० च्या, म्हणजे त्या निळ्या खाचेच्या, वेगवान देवाणघेवाणीमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींच्या पट्ट्यात गोंगाट होतो, रिसीव्हरही त्याच पट्ट्यात माउसचे ऐकत असतो आणि इंटेल कंपनीने २०१२ सालीच एका टिपणात हे नोंदवून ठेवले आहे, असे तुम्ही सांगितलेत. म्हणूनच हा अडखळा नेमका शनिवारी संध्याकाळी, मी प्रत काढत असतानाच वाढायचा. तुम्ही वरून तुमची हातभर लांबीची एक्स्टेंशन वायर आणून रिसीव्हर माउसशेजारी टेबलावर आणून ठेवलात, आणि माझ्या हाताचा कंप तत्क्षणी बरा झाला. डॉक्टरांकडे जाण्याचे मी जवळजवळ ठरवले होते.

टेबलावरच्या काचेवर माउस नीट चालत नाही म्हणून खाली जुन्या रजिस्टरचा पुठ्ठा ठेवा, हेही तुम्हीच सुचवलेत. खिडकीच्या कठड्यावर तो ठेवू नका, हे मात्र तुम्ही जरा कडक आवाजात सांगितलेत. ग्वाल्हेरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना टेकतो आणि लिथियमच्या बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते, हे ऐकल्यापासून माउसची जागा देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे. तो पूर्ण रिकामा होण्याची वाट पाहत नाही. पंधरा दिवसांतून एकदा, जेवणे चालू असताना लावते आणि आवराआवर झाली की काढून ठेवते.

यंदा वर्गणीच्या यादीत तीनशेच्या वर नावे आहेत आणि ती सगळी याच माउसने भरून झाली. मध्ये एकदा लाल दिवा लुकलुकला, तेव्हा मी वायर जोडली आणि काम तसेच पुढे चालू ठेवले. चार्ज होत असतानाही तो चालतो, हेही तुम्हीच दाखवून दिले होते.

तुमची एक्स्टेंशन वायर या पत्रासोबत परत पाठवते आहे, कारण तशीच एक मी आता विकत आणली आहे. ती आणली त्याच दुकानातून, आणि चपट्या तोंडाची यूएसबी ३.० चालेल की २.० हवी, हे मी दुकानदाराला विचारले, तेव्हा त्याने या वेळी मान वर करून पाहिले. सोबत कैरीच्या लोणच्याची बरणी आहे. मिठाचे प्रमाण सासूबाईंना विचारून मगच खा, आणि बरणी परत करण्याची घाई नाही.

आपली,
खालच्या मजल्यावरची काकू